सव्वीस नंबरची रिकामी काच

मित्रांनो, माझं वय विचाराल तर जेमतेम दोन वर्षं. तरी मी स्वतःला जुनी काच म्हणते, कारण माझ्या जातीच्या काचेला आयुष्यात एकच दिवस काम मिळतं आणि माझा तो दिवस होऊन गेला. आता मी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या खणात पडून असते. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, रुंदीला दोन बोटं. कडेला माझा नंबर कोरलेला आहे, सव्वीस.

काच म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिडकी येईल, नाहीतर देवाच्या तसबिरीची काच येईल. मी तशी आरपार नाही. माझं एक अंग दुधाळ आहे, कुणी श्वास सोडून धूसर करावं तसं. त्या दुधाळ अंगात माझं सगळं शिक्षण आहे. माणसाच्या रक्तातून कर्करोगाच्या पेशी धरायच्या, एवढंच मला शिकवलं होतं.

हे काम कसं असतं ते ऐका. शरीरात कुठे गाठ असली की तिच्यातल्या काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरू लागतात. चमचाभर रक्तात अब्जावधी चांगल्या पेशी आणि त्यात या सुटलेल्या चार-पाच. गड्ड्याच्या जत्रेत सगळं शहर लोटलेलं असावं आणि त्यातून पाच अनोळखी माणसं हुडकून काढावीत, बाकी कुणाला धक्का न लावता. तसं ते काम आहे.

माझा जन्म एका पोलादी डब्यात झाला. मला घडवणाऱ्या सिद्धेश्वरीताई अक्कलकोटकडच्या. त्या इथे संशोधन करतात. त्यांनी मला साबणाने, मग आम्लाने, मग गाळलेल्या पाण्याने धुतलं, एका द्रावणात बुडवलं आणि डब्याचं झाकण आवळून तो भट्टीत ठेवला. घरातल्या कुकरसारखाच तो प्रकार, फक्त शिट्टी नाही. सहा तास मी त्या वाफेत होते. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर उभे काटे उगवले होते. इतके बारीक की तुमच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो काटे दाटीने उभे राहतील. पेशीच्या अंगावरही बारीक लव असते. ती लव या काट्यांत गुंतते, मेंढीच्या लोकरीत कुसळ गुंततं तशी.

माझ्या आधीची पंचविसावी काच माझ्यासमोरच बाद झाली. ताईंनी तिचं मोठं करून काढलेलं छायाचित्र संगणकावर लावलं होतं. कुंडलिकमामा तेव्हा टेबल पुसत होते. मामा प्रयोगशाळेचे शिपाई. राहायला शुक्रवार पेठेत. आधी बावीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला होता. ते फडकं घेऊन तसेच संगणकापुढे थांबले.

"हा तर टर्किश टॉवेल हाय की," ते म्हणाले.

"टॉवेल नाही मामा, काच आहे."

"काच असू द्या. हे फासे उभे हायत म्हणून तर टॉवेल पाणी धरतो. पण हितं कोपऱ्यात तुमचे फासे निसटलेत बघा. आमच्याकडं असला माल सेकंडात, निम्म्या भावात जायचा."

मामांनी बोट ठेवलं तिथे खरंच टक्कल होतं. ताईंनी चष्मा वर सारून पाहिलं आणि ती काच काढून टाकली. तेव्हापासून प्रत्येक काचेचं छायाचित्र आधी मामांना दाखवायची रीत पडली. मला त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "ही एक्स्पोर्टची." माझी आयुष्यात झालेली स्तुती म्हणायची तर ती एवढीच.

मामांमुळेच मला गोष्ट सांगायची रीत कळली. रोज सकाळी झाडलोट करताना ते मोबाइलवर कीर्तन लावतात. मोबाइल खिशात, आवाज सगळ्या खोलीत. ताई म्हणायच्या, "मामा, बुवांचा आवाज जरा कमी करा. पेशी घाबरतील." मामा म्हणायचे, "घाबरतील कशाला, सुधारतील." आवाज मात्र कमी करायचे. मी खोक्यात कोरी पडलेली असताना किती कीर्तनं ऐकली त्याला मोजदाद नाही. बुवा आधी तत्त्व सांगतात, मग गोष्ट सांगतात आणि गोष्ट संपली की ते तत्त्व माणसाचा हात धरून उभं असतं. मला ते फार आवडायचं. विठ्ठलाचं नाव घेताना मृदंगावर जी थाप पडायची, तिने माझं खोकंसुद्धा हलायचं. मित्रांनो, काचेला कसली आली भक्ती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी ऐकत होते एवढं खरं.

त्या कोऱ्या दिवसांतच, जानेवारीत, मी केराबाईंना पहिल्यांदा पाहिलं.

केराबाई अकलूजजवळच्या एका वस्तीवर राहतात. घरी मेंढरं, दोन म्हशी. त्यांचे मालक जोतिराम गावच्या दूध संकलन केंद्रात दूध तपासून घेतात. केराबाईंच्या छातीतली गाठ वर्षापूर्वी काढली होती आणि सोलापूरच्या दवाखान्यात सुईतून औषध चालू होतं. ताईंच्या अभ्यासात त्यांनी नाव दिलं होतं. दर तीन महिन्यांनी त्यांच्या रक्ताची एक नळी प्रयोगशाळेत यायची. ताई अशाच एखाद्या काचेवरून ते रक्त सोडायच्या आणि चिकटलेल्या पेशी मोजायच्या. पहिल्या वेळी अकरा, दुसऱ्या वेळी सहा. डॉक्टर एकट्या आकड्यावर काही ठरवत नसत, पण बाकीच्या तपासण्यांच्या शेजारी ठेवून तो पाहत असत.

रक्त सोलापुरात घेता यायचं नाही. औषधांनी केराबाईंच्या शिरा आत गेल्या होत्या. अकलूजच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरलाच ती शीर सापडायची. म्हणून रक्त सकाळी तिथे घ्यायचं आणि नवराबायकोंनी ते एसटीने इथे आणायचं, असं ठरलं होतं.

जानेवारीत त्या आल्या तेव्हा मामांच्या खिशात कीर्तन चालू होतं. केराबाई दारातच थांबल्या.

"कुटलं बुवा हे? आवाज लई गोड हाय."

"बारामतीकडचे. तुमच्यात सप्ताह असतो का?" मामांनी स्टूल पुढे केलं.

"असतो की. आमी आठ जणी टाळ धरून मागं उभ्या ऱ्हातो. ऱ्हात हुतो." त्यांनी आपली बोटं समोर धरली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. "औशिदानं बोटं मेली माझी. मागच्या सप्त्यात बुवा रंगात आलेले, आन् माझ्या हातातला टाळ कवा गळाला मला कळलंच न्हाय. आवाज आला तवा खाली बघितलं."

"मग बुवा थांबले?"

"थांबत्यात व्हय. म्हणाले, देवाला आज नमस्कार टाळानं घातला. सगळी हसली." मग त्या म्हणाल्या, "मला न्हाय आलं हसू. चुलीवरचा तवा तापलाय का न्हाय, तेबी मला कातडं करपल्याच्या वासानं कळतंय आता."

सिद्धेश्वरीताई ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंत ना मावशी?"

"सांगितलं. ते म्हणत्यात, आकडा खाली येऊ द्या, मग औशिद थांबवायचं बघू. तवा बाय, तुझी काच काय म्हणती त्येच्यावर माझी बोटं हायत."

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, त्या वेळी कुणाच्याच ध्यानात न आलेली. ताईंनी फ्रिजमधून एक तयार काच काढली. माझ्या त्या बहिणीवर ओळखणाऱ्या प्रथिनांचा थर चढवलेला होता. तो थर ओला आणि गार राहिला तरच जिवंत राहतो. जोतिरामकाका वाकून बघत होते.

"तुमचीबी वस्तू बर्फातच का?"

"हो काका. उबेत राहिली की बिघडते."

"दुधाचं तसंच हाय," काका म्हणाले. आपल्याच धंद्यातलं माणूस भेटल्यासारखी त्यांनी मान हलवली. ताईंनीही हलवली. रक्ताचं मात्र उलटं असतं, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी आकडा तीन आला.

एप्रिलमध्ये माझी पाळी आली. आठवडाभर आधी ताईंनी माझ्या काट्यांवर तो प्रथिनांचा थर दिला, मला ओल्या डबीत घातलं आणि फ्रिजात ठेवलं. मित्रांनो, ते दिवस मला नीट सांगता येत नाहीत. थंडीत मला काही वाटत नसे. कीर्तन दाराबाहेर राही आणि आत नुसता घुमारा येई. झोप नाही, जाग नाही. आपल्याला कशासाठी जपतात ते ठाऊक होतं, पण त्याची हौसही वाटत नव्हती.

ज्या दिवशी मला बाहेर काढलं, त्या दिवशी सोलापुरात पारा त्रेचाळीसवर होता. रस्त्यावर माणूस नव्हतं. ताई प्रात्यक्षिकाच्या तासाला गेल्या होत्या, म्हणून रक्ताची पिशवी मामांनी घेतली आणि टेबलावर ठेवली. तासाभराने ताई आल्या. त्यांनी मला एका चपट्या साच्यात बसवलं आणि केराबाईंचं रक्त माझ्यावरून सावकाश, अगदी सावकाश सोडलं.

ज्याची वाट पाहत मी घडले, ती घटका ही होती. रक्त आलं. ते माझ्या काट्यांवरून सरकत गेलं. माझ्या अंगाला काहीतरी लागत होतं, पण ते कुणी नव्हतं. फुटलेली सालं होती, चिंध्या होत्या. एरवी चांगल्यातल्याही पाच-पन्नास पांढऱ्या पेशी चुकून अडकतातच. त्याही अडकेनात. माझे सगळे फासे उभे होते आणि धरायला काही नव्हतं. नंतर ताईंनी माझ्यावर रसायन ओतलं. त्याने जे असेल ते जागच्या जागी थिजतं. त्याबरोबर मीही थिजले. तेव्हापासूनचा बधिरपणा अजून गेलेला नाही.

मग रंग दिले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. ताईंनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मला दोनदा तपासलं. दुपारचे तीन वाजले होते.

त्या बाहेर गेल्या. ओसरीत बाकावर केराबाई आणि जोतिरामकाका बसले होते. पाच वाजता त्यांना डॉक्टरांकडे जायचं होतं.

"मावशी," ताई म्हणाल्या, "शून्य."

"म्हंजी?"

"एकही सापडली नाही."

मग काकांचा आवाज आला. "कुंडलिकराव, हितं पेढं कुटं चांगलं मिळत्यात?" मामा म्हणाले, "या उन्हात पेढे नको, उसाचा रस पाजा." आणि केराबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी आता ती सुई बंद हुईल."

ताई आत आल्या. त्यांनी आपल्या सरांना फोन लावला. सरांचा आवाज फोनातून बाहेर ऐकू येत होता. अकरा, सहा, तीन, शून्य. सर म्हणाले, आलेख फार सुरेख होतोय, आजच लिहून डॉक्टरांना कळवा. ताईंनी वही उघडली. सव्वीस नंबरच्या रकान्यात त्यांचं पेन टेकलं.

मित्रांनो, त्या वेळी मी देवाकडे एकच मागणं मागितलं. म्हटलं, पांडुरंगा, घटकाभर वाचा दे, पुन्हा कधी मागणार नाही. मला एवढंच सांगायचं होतं की माझं रिकामेपण खरं नाही. मला वाचा मिळाली नाही. देवाने ते काम ताईंच्या डोळ्यांवर सोपवलं.

उरलेलं रक्त नळीत उभं होतं. तीन तासांत लाल पेशी खाली बसल्या होत्या आणि वर पाणी आलं होतं. हे वरचं पाणी तुपाच्या निवळीसारखं पिवळसर हवं. ते जास्वंद भिजवलेल्या पाण्यासारखं लाल होतं. लिहिण्याआधी नळीला टोपण लावायला गेलेला ताईंचा हात थांबला. पेशी फुटल्या की त्यांचा रंग पाण्यात उतरतो, हे ताई विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतात. ताई स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा माझ्यावर डोळा लावला. या वेळी त्या कर्करोगाच्या पेशी शोधत नव्हत्या, साध्या पांढऱ्या पेशी शोधत होत्या. त्याही नव्हत्या.

त्यांनी वही मिटली. केराबाईंना आणि काकांना आत बोलावलं.

"मावशी, हात बघू."

केराबाईंनी उजवा हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी पडली होती, सुरकुतली होती.

"हात पाण्यात होता का?"

"न्हाय बाय. गाडीत बाटली धरून बसले हुते. आपटू नये म्हून."

"बाटली कशात होती?"

"दुधाच्या नमुन्याच्या डब्यात," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "खाली-वर फ्रीजरातल्या बर्फाच्या पिशव्या घातल्या मी. तीन तासाचा रस्ता. हे ऊन. नुसतं आणलं असतं तर वाटंतच नासलं असतं. हितं आल्यावर चिट्टी भिजाया लागली म्हून पुसून पिशवीत घातलं."

"आणि मावशींचा हात तीन तास बर्फात होता?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. "केरा, गार लागलं न्हाय तुला?"

"काय लागतंय मला," केराबाई म्हणाल्या.

ताईंनी कपाटातून चिठ्ठी काढली. सिस्टरला आणि काकांना दिलेल्या चिठ्ठीची ती प्रत होती. "काका, यात लिहिलं होतं. रक्त खोलीच्या तापमानाला ठेवा."

"वाचलं की मी. दोनदा वाचलं." काका खरंच गोंधळले होते. "आमची खोली पत्र्याची हाय, म्याडम. दुपारी कुत्रंबी आत थांबत न्हाय. त्या खोलीगत तापवून आणायचं म्हंजी रगताचं काय हुईल? मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक झाली. तुमची काचबी तुमी बर्फातच ठिवता."

ताईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. ती चिठ्ठी त्यांनीच लिहिलेली होती. लिहिताना त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि खिडकीला वाळ्याचा पडदा होता. खोली कुणाची, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बर्फाला टेकून रक्त गोठलं, पेशी फुटल्या, काचेवर काही आलं नाही. ते शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे. होतं की नव्हतं, ते आता कळायची वाट राहिलेली नाही.

"म्हंजी नसंलबी," केराबाई म्हणाल्या.

"नसेलही."

"मग तसंच लिही की."

"मावशी, कसं लिहू?"

"शाईनं लिही. मघाशी तूच म्हणालीस शून्य. मी काय तुला लबाडी करायला सांगत न्हाय, तू म्हणालीस तेवढंच लिही." त्यांचा आवाज चढला नाही. "रगात माझं हाय, बोटंबी माझी हायत. दोन पोरी हायत घरी, कुणाच्या डोस्क्यात तेल घातलं तरी मला केस कळंना. तुझ्या एका आकड्यानं सुटका हुतीया. कुणाला कळणार हाय?"

मामांनी खिशातलं हळू चाललेलं कीर्तन बंद केलं. मी त्या टेबलावरच होते. ज्या काचेवर सगळं अडलं होतं ती मी, आणि मला ना आनंद झाला ना दुःख. थिजलेल्या काचेला ते होत नाही. मी नुसती ऐकत होते.

ताई केराबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. त्यांनी ती पांढरी बोटं आपल्या हातात घेतली.

"मावशी, मी शून्य लिहिलं तर बाकीच्या तपासण्यांना ते जोडून डॉक्टर औषध थांबवतील. आत काही नसेल तर तुमची बोटं परत येतील. आत काही असेल तर ते तसंच राहील आणि मला ते दिसणार नाही. मी काचेला मानते. पण ही काच आज आंधळी होती. आंधळ्या काचेच्या शब्दावर मी तुम्हाला घरी कशी पाठवू?"

केराबाई बोटांकडे बघत राहिल्या. ताईंनी धरली होती तिथे बघत राहिल्या. धरल्याचं त्यांना फक्त दिसत होतं.

"चूक माझी हाय, केरा," काका म्हणाले.

"तुमची कशाची. तुमी दूध सांभाळलं." मग त्या ताईंना म्हणाल्या, "बरं. घे परत रगात."

"इथे कुणाला शीर सापडायची नाही."

"म्हंजी परत अकलूज."

"परत अकलूज. मी डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगते. शुक्रवारी या. तोवर मी नवी काच तयार करते."

"आन् आणायचं कसं?" काकांनी विचारलं. "आता नीट आकड्यात सांगा. खोली-बिली सांगू नका."

ताई म्हणाल्या, "वीस ते पंचवीस अंश. त्याच्या खाली नको, वर नको."

काकांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "एवढंच ना. दुधाचा थर्मामीटर हाय की माझ्याकडं. माठाचं पाणी थर्मासमदी घालतो, बाटली प्लॅस्टिकात गुंडाळून त्यात सोडतो. दर टेसनाला बघत येतो."

पाच वाजता ती दोघं गेली. ताईंनी वहीत माझ्या रकान्यात शून्य लिहिलं नाही. लिहिलं, "बाद. नमुना गोठला. कारण: सूचना अपुरी." सरांना फोन केला. सर बराच वेळ बोलत होते आणि ताई "हो सर" म्हणत होत्या. सुरेख आलेख त्या दिवशी मोडला.

शुक्रवारी काका थर्मास घेऊन आले. बरोबर संकलन केंद्राच्या पावतीमागे लिहिलेला कागद होता. अकलूज, तेवीस. टेंभुर्णी, चोवीस. मोहोळ, चोवीस. सोलापूर, पंचवीसला थोडं कमी. ताईंनी तो कागद वहीत चिकटवला. रक्त माझ्या धाकट्या बहिणीवरून, सत्ताविसावीवरून गेलं.

तिच्यावर पाच पेशी सापडल्या.

मी तेव्हा जंतुनाशकातून निघून निर्धोक होऊन खणात आले होते. ताईंनी केराबाईंना ते सांगितलं तेव्हा खण अर्धा उघडा होता. केराबाई म्हणाल्या, "पाच." रडल्या नाहीत. काकांनी थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. डॉक्टरांनी तो आकडा आणि नवं स्कॅन शेजारी ठेवून पाहिलं. फुप्फुसाजवळ एक बारीक डाग होता, ज्याच्याबद्दल त्यांना आधी खात्री वाटत नव्हती. त्यांनी औषध थांबवलं नाही, बदललं. नव्या औषधाने बोटं आणखी मरणार नाहीत, असं ते म्हणाले. गेलेली परत येतील का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथपर्यंतच आहे. माझ्या बहिणींची छायाचित्रं मासिकात छापून आली, त्यांच्या पेशी मोजल्या गेल्या. माझ्यावर मोजण्यासारखं काही नव्हतं. सुरुवातीला कुणी मला उचलून पाहत नसे, खण उघडला तरी हात पलीकडे जाई. आता ताई नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मलाच दाखवतात. त्या विचारतात, हिच्यावर काय दिसतं? मुलं म्हणतात, काही नाही. मग त्या विचारतात, का नाही? आणि उत्तर येईपर्यंत त्यांना बसू देत नाहीत.

मलाही तुमच्याकडे तेवढंच मागायचं आहे. रिकामं काही दिसलं की खूश व्हायच्या आधी ते रिकामं का आहे, ते विचारा. आणि दुसऱ्याला काही जपायची रीत लिहून देणार असाल तर आधी त्याच्या घरात डोकावून या. त्याचं छप्पर कसलं आहे, त्याची बोटं कशी आहेत, ते बघा. जपण्यात काकांची कसूर नव्हती. मनापासून जपलं म्हणून तर मी रिकामी राहिले.

श्रावणात केराबाई पुन्हा आल्या. नव्या औषधाचा चौथा डोस झाला होता. आकडा यायला वेळ होता. बसल्या बसल्या त्या ताईंना म्हणाल्या, "ती रिकामी काच फेकलीस व्हय?"

"नाही मावशी. आहे."

"बघू."

ताईंनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. केराबाईंनी मला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"हिच्यावर काय म्हंजी कायच न्हाय नव्हं?"

"काहीच नाही."

"खोटं हाय, ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "पर बघायला बरं वाटतंय."

मग त्यांनी आपला अंगठा माझ्या दुधाळ अंगावर दाबला. दाबून धरला.

"काटं हायत म्हणतीस, एक बी लागत न्हाय मला."

"ते कुणालाच लागत नाहीत, मावशी. मलाही नाही लागत."

केराबाईंनी ताईंकडे पाहिलं. "खरं?"

"खरं. कुणाच्याच बोटांना कळत नाहीत, इतके बारीक आहेत."

"मग बरं," केराबाई म्हणाल्या, आणि अंगठा तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिल्या.